शेपूट विसरलेला माणूस

गेल्या वर्षी नोव्हेंबरात, मगरिबच्या नमाजनंतर, बीरहून फोन आला. बीर हे हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्यातलं गाव. फोन करणारा माझा जुना विद्यार्थी. दहावीपर्यंत आमच्या उर्दू शाळेत होता. पुढे कामशेतला पॅराग्लायडिंगच्या मैदानावर पर्यटकांचे हेल्मेट-हार्नेस बांधायला लागला, मग स्वतः उडायला शिकला, मग टँडम पायलट झाला. पर्यटकांना पुढ्यात बसवून दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणायचं, हे त्याचं पोटापाण्याचं काम. पण त्याचं मन लागलं होतं ते क्रॉस-कंट्रीत. म्हणजे टेकडीवरून निघायचं आणि इंजिनाशिवाय, फक्त हवेच्या भरवशावर, पन्नास-साठ-शंभर किलोमीटर जायचं. दोन वर्षं पैसे साठवून, थोडे उसने घेऊन त्यानं जुनं पण चांगलं विंग घेतलं आणि पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत उतरला.

“सर, खालून सातवा आलो,” तो म्हणाला.

मी काहीतरी समजुतीचं बोललो. आपण शिक्षक असली वाक्यं खिशात घेऊनच फिरतो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, तुम्ही सातवीत सांगितलं होतं ना, जगात पहिल्यांदा उडणारा माणूस आपला होता म्हणून? अब्बास इब्न फिरनास. मी इथं सगळ्यांना सांगितलं. एका पायलटनं विचारलं, मग तो उतरला कसा? मला सांगताच आलं नाही.”

फोन ठेवल्यावर मला त्याच्या सातव्या क्रमांकापेक्षा या प्रश्नानं जास्त छळलं. कारण उत्तर मला ठाऊक होतं. मी ते वर्गात सांगितलं नव्हतं. गोष्ट अर्धीच सांगितली होती. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्या गोष्टीसाठी आहे.

इब्न फिरनास उतरला कसा?

अबुल कासिम अब्बास इब्न फिरनास हा नवव्या शतकातला, अंदलुसमधला, म्हणजे मुस्लिम स्पेनमधला माणूस. रोंदा परिसरातल्या बर्बर घराण्यातला. कुर्तुबा म्हणजे कॉर्दोबाच्या उमय्या अमीरांच्या दरबारात कवी म्हणून वावरला. पण तो नुसता कवी नव्हता. दगडापासून काच तयार करण्याची पद्धत त्यानं अंदलुसमध्ये रूढ केली, पाण्यावर चालणारं घड्याळ बनवलं, आणि आपल्या घरात आकाशाची अशी प्रतिकृती उभारली की पाहणाऱ्याला त्यात तारे, ढग आणि वीज दिसे. ८८७ मध्ये तो वारला. चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे, बगदादच्या विमानतळाच्या रस्त्यावर त्याचा पुतळा आहे आणि कॉर्दोबात ग्वादलकिविर नदीवर त्याच्या नावाचा पूल आहे.

त्याच्या उड्डाणाची हकीकत आपल्याला प्रामुख्याने अल-मक्करी या इतिहासकाराकडून मिळते. अल-मक्करी १६३२ मध्ये वारला. म्हणजे घटना आणि हा ग्रंथकार यांच्यात साडेसातशे वर्षांचं अंतर आहे. त्याच्यासमोर जुने ग्रंथ होते, पण त्यातले बरेचसे आज आपल्यासमोर नाहीत. तो सांगतो ते थोडक्यात असं: इब्न फिरनासनं अंगावर पिसं चढवली, दोन पंख लावले, उंचावरून हवेत झेप घेतली, बरंच अंतर गेला. मात्र उतरताना त्याच्या पाठीला इजा झाली. कारण पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं आणि त्यानं शेपूट केलीच नव्हती.

उड्डाणाचं वर्ष म्हणून ८७५ सांगितलं जातं, तेही अंदाजानं. आपल्या फोनवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये मात्र तो नेमकी दहा मिनिटं उडतो, त्याचं वय नेमकं असतं, टेकडीचं नावही नेमकं असतं. आणि शेपूट बहुतेक वेळा गायब असते. मीही वर्गात ती गायब केली होती.

मग हे सगळं थोतांड आहे का? तसंही नाही. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६१ मध्ये मध्ययुगातल्या उड्डाणांवर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी एका महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधलं. इब्न फिरनासच्याच काळात, त्याच दरबारात मोमिन इब्न सईद नावाचा कवी होता. दोघांचं पटत नसे. या मोमिननं एका शेरात इब्न फिरनासला टोमणा मारलाय. आशय असा, की गिधाडाची पिसं अंगावर चढवून हा गडी अनका पक्ष्यालाही मागे टाकायला निघाला. अनका म्हणजे कुणी न पाहिलेला दंतकथेतला पक्षी. आता प्रतिस्पर्धी कवी ज्याची टर उडवतो, ती गोष्ट मुळातच घडली नसेल असं म्हणणं अवघड जातं. कौतुक करणारा वाढवून सांगतो, पण टिंगल करायलाही काहीतरी घडावं लागतं.

म्हणजे पहा, उड्डाणाचा सर्वांत जवळचा पुरावा हा कौतुकाचा नाही, टिंगलीचा आहे. इब्न फिरनासच्या पदरी त्या दिवशी काय पडलं? दुखावलेली पाठ आणि गावभर हसू. आजच्या भाषेत, निकाल वाईट लागला.

कोशकार आणि भिक्षू

त्यानंतर सव्वाशे-एक वर्षांनी इराणमधल्या निशापूरला आणखी एक प्रयत्न झाला. त्या माणसाचं नाव भाषेच्या शिक्षकांना परकं नसावं. इस्माईल अल-जौहरी, अरबी भाषेतल्या ‘अस-सिहाह’ या थोर शब्दकोशाचा कर्ता. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला तो निशापूरच्या मशिदीच्या छपरावर चढला, लाकडाचे पंख बांधले, आजवर कुणी केलं नाही ते करून दाखवतो असं लोकांना सांगितलं आणि उडी घेतली. तो वाचला नाही. चरित्रकार सांगतात की अखेरच्या काळात त्याच्या मनाचा तोल गेला होता आणि कोशाचा उरलेला भाग त्याच्या शिष्यानं कच्च्या खर्ड्यांवरून पूर्ण केला. अल-जौहरी पंखांमुळे नाही, शब्दांमुळे जिवंत आहे. अरबी कोश चाळताना आजही त्याचा आधार घ्यावा लागतो.

त्याच शतकात इंग्लंडमध्ये माल्म्सबरीच्या मठातला आयल्मर नावाचा भिक्षू हातापायांना पंख बांधून मनोऱ्यावरून उडाला. दोनशे मीटरहून थोडा जास्त गेला आणि कोसळला. दोन्ही पाय मोडले, जन्माचा लंगडा झाला. त्याच मठातल्या विल्यम या इतिहासकारानं ही हकीकत पुढच्या शतकात लिहून ठेवली आहे. आयल्मर म्हणे सांगत असे, की चूक माझीच, मी मागे शेपूट लावली नाही.

कुर्तुब्यातला मुसलमान कवी आणि इंग्लंडमधला ख्रिस्ती भिक्षू. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. दोघेही पडले आणि दोघांच्या पडण्याचं कारणही एकच नोंदलं गेलं. मला हा योगायोग इतिहासातल्या कितीतरी विजयांपेक्षा मोलाचा वाटतो. पडल्यावर नशिबाला किंवा नजर लागण्याला बोल न लावता, नेमकं काय कमी पडलं हे शोधलं गेलं.

गलाता मनोरा आणि गिरगाव चौपाटी

आता जरा अवघड जागी येऊ. इब्न फिरनासच्या जोडीनं आपल्याकडे आणखी एक नाव अभिमानानं घेतलं जातं. हेझारफेन अहमद चेलेबी. सतराव्या शतकात, सुलतान मुराद चौथा याच्या काळात, तो इस्तंबूलच्या गलाता मनोऱ्यावरून उडाला आणि बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे उस्कुदारला उतरला, असं प्रवासी एवलिया चेलेबीनं लिहिलंय. सुलताननं त्याला सोन्याच्या मोहरा दिल्या आणि मग, असा माणूस धोक्याचा म्हणून अल्जीरियाला धाडलं. गोष्ट सुंदर आहे. पण एवलियाशिवाय तिला दुसरा समकालीन साक्षीदार नाही आणि एवलियाला गोष्टी रंगवायची हौस होती, हे त्याचे चाहतेही मान्य करतात.

मी ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्याला सांगितली तेव्हा त्यानं इतिहासाचं एकही पुस्तक न उघडता तिची परीक्षा घेतली. “सर, मनोरा समुद्रापासून किती उंच?” टेकडीसकट धरला तर जेमतेम १०० मीटर. “आणि पलीकडचा किनारा?” तीन किलोमीटरच्या वर. तो हसला. “आजचं स्पर्धेतलं उत्तम विंग एक मीटर खाली येताना साधारण अकरा मीटर पुढं जातं. १०० मीटरवरून सव्वा किलोमीटरच्या आतच पाण्यात. थर्मल मिळालं किंवा वाऱ्यानं जबरदस्त ढकललं तरच काही चान्स.” त्यानं गोष्ट खोटी ठरवली नाही. पण लाकूड, पिसं आणि कापडाच्या पंखांनी हे साधायला काय लागेल ते त्यानं दोन मिनिटांत मांडलं. असं मोजणं मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

हीच फूटपट्टी घरच्या गोष्टीलाही लावायला हवी. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, असं आपण महाराष्ट्रात लहानपणापासून ऐकतो. तळपदे हे खरे, ध्यास घेतलेले गृहस्थ होते. पण ते विमान उडाल्याचा विश्वासार्ह समकालीन पुरावा हाती लागलेला नाही. त्यांच्या नावाशी ज्याची सांगड घातली जाते त्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपास केला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

माझे काही मुस्लिम मित्र तळपदेंच्या गोष्टीला हसतात आणि हेझारफेनची पुढे पाठवतात. काही हिंदू मित्र याच्या बरोबर उलट करतात. दोघांचाही आजार एकच आहे. वर्तमानात ज्यांचे निकाल मनासारखे लागत नाहीत, ते इतिहासात जाऊन आपला निकाल बदलून आणतात. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला तेव्हापासून आपल्या शिक्षणाचं, नोकरीचं चित्र सगळ्यांसमोर आहे. त्यावर उतारा म्हणून आपण मुलांना कुर्तुबा, बगदाद आणि समरकंद पाजतो. मीही वर्षानुवर्षं पाजलं. त्यात वाईट हेतू नव्हता. समोर बसलेल्या मुलाची मान थोडी ताठ व्हावी एवढंच वाटायचं. पण नुसत्या विजयाच्या गोष्टी ऐकून मोठा झालेला मुलगा पहिल्यांदा हरतो, तेव्हा त्याच्या हातात धरायला काहीच नसतं. पूर्वज कधी पडलेच नव्हते, मग मीच कसा पडलो, असं त्याला वाटतं.

हरलेल्यांची साखळी

खरा इतिहास पाहिला तर माणसाचं उडणं ही हरलेल्यांनीच पुढे नेलेली गोष्ट आहे. जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल १८९१ पासून पाच वर्षं स्वतः बांधलेल्या ग्लायडरवर उडत राहिला. दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली, मोजमापं छापली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी पडला आणि दुसऱ्या दिवशी वारला. त्याचे आकडे वाचून अमेरिकेत राइट बंधूंनी १९०१ मध्ये ग्लायडर बांधलं. ते किटी हॉकच्या वाळूवर नेलं तर हिशेबाच्या तुलनेत एक तृतीयांशच उचल मिळाली. परतताना विल्बर राइट इतका खचला होता की आपल्या हयातीत माणूस काही उडत नाही, अशा अर्थाचं बोलून गेला.

मग दोघांनी काय केलं? डेटन गावातल्या आपल्या सायकलच्या दुकानात लाकडी खोक्याचा एक वाऱ्याचा बोगदा बनवला. त्यात सुमारे २०० आकारांचे छोटे पंख ठेवून एकेकाची उचल मोजली. पुढच्याच वर्षीचं ग्लायडर उत्तम उडालं. १७ डिसेंबर १९०३ चं इंजिनाचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्या १२ सेकंदांची तारीख पाठ्यपुस्तकात असते, १९०१ चा हिवाळा नसतो. माझ्या मते मुलांना तो हिवाळाच आधी शिकवायला हवा.

कापडाचा पंख आणि शर्यत

पॅराग्लायडिंग ही या घराण्यातली सर्वांत धाकटी शाखा. १९६० च्या दशकात डॉमिना जॅल्बर्टनं कापडाच्या कप्प्यांत हवा भरून फुगणारा पंख शोधला. १९७८ मध्ये फ्रान्सच्या आल्प्समधल्या म्यूसी गावात बेतां, बोन आणि बोसों या तिघा पॅराशूटवाल्यांनी विमानाचा खर्च टाळायला डोंगराच्या उतारावरून धावत पॅराशूट फुगवलं. ते उडाले. पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८९ मध्ये ऑस्ट्रियातल्या कोसेन इथे झाली. २०१५ मध्ये जागतिक चषकाचा एक टप्पा बीरला भरला. बिलिंग हे वरचं उड्डाणाचं ठिकाण सुमारे २,४०० मीटरवर आहे, समोर धौलाधारची भिंत आणि खाली बीर. आपल्याकडे कामशेत आणि पाचगणीला उडतात, तिथं शिकलेली मुलं दसरा-दिवाळीच्या सुमारास बीरची वाट धरतात.

शर्यत कशी असते ते त्यानंच मला समजावलं. सकाळी हवामान पाहून टास्क ठरतो. आकाशात नकाशावरचे बिंदू, त्यांना टर्नपॉइंट म्हणतात. ठरल्या क्रमानं प्रत्येक बिंदूच्या वर्तुळाला शिवायचं आणि शेवटी गोलला पोचायचं. छातीसमोरच्या उपकरणात सेकंदासेकंदाची जागा नोंदली जाते. उन्हानं तापलेल्या जमिनीवरून उठणारी ऊन हवा म्हणजे थर्मल. तीत घिरट्या घालत ढगांच्या तळापर्यंत चढायचं आणि मिळालेली उंची खर्च करत पुढचं थर्मल गाठायचं. न मिळालं तर कुणाच्या तरी शेतात उतरायचं, विंगची घडी पाठीवर टाकायची आणि रस्ता शोधायचा. दिवस चांगला असेल तर जिंकणाऱ्याला १,००० पर्यंत गुण मिळतात. लवकर खाली आलेल्याला त्याच दिवशी शंभरही मिळत नाहीत.

“सर, पहिल्या दिवशी मी दोन तास आधी तयार होतो,” तो सांगत होता. “सुरुवातीच्या घोळक्यात सगळ्यांत वर होतो. मग वाटलं, हे लोक हळू चाललेत. मी एकटाच पुढे निघालो. पुढच्या कड्यावर ढगाची सावली पडलेली. थर्मल बंद. वीस मिनिटांत खाली. डोक्यावरून ऐंशी विंग गेली, मी शेतात बसून मोजत होतो.”

दुसऱ्या दिवशी त्यानं कालच्या घाईची भीती धरली, प्रत्येक थर्मलमध्ये गरजेपेक्षा जास्त थांबला, आणि गोलच्या आठ किलोमीटर अलीकडे वेळ संपली. तिसऱ्या दिवशी तो गोलला पोचला, पण उशिरा. चौथ्या दिवशी पुन्हा लवकर खाली. अब्बांना फोन केला तर ते म्हणाले, “ये अपना काम नहीं बेटा, लौट आ।” त्यांचं चुकत नव्हतं. पैसे त्यांनीही दिले होते.

जो निकाल यादीत दिसत नाही

मी त्याला दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा दोन प्रसंग सांगितले. त्यातला एक त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

१४ फेब्रुवारी २००७. ऑस्ट्रेलियातलं मॅनिला. जागतिक स्पर्धेआधीच्या सरावात जर्मनीची एवा विस्निएरस्का वादळी ढगात खेचली गेली. तिच्या उपकरणावर ९,९४६ मीटरची नोंद झाली. एव्हरेस्टपेक्षा उंच. गारा, बर्फ, विरळ हवा. ती बेशुद्ध झाली, विंग आपलं आपण उडत राहिलं, आणि शुद्ध आल्यावर ती जिवंत उतरली. त्याच दिवशी त्याच वादळात सापडलेला चीनचा हे झोंगपिन मरण पावला. अशा दिवशी ढग वाढताना पाहून जो लवकर उतरतो, त्याचे गुण कमी होतात. पण गुणांच्या यादीत हा शहाणपणाचा रकाना नसतो.

दुसरा प्रसंग २०११ चा, स्पेनमधल्या पिएद्राइता इथला. इब्न फिरनासचीच भूमी. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एकाच दिवशी दोन पायलट गेले. स्पर्धा थांबवली गेली. वेगापुढे सुरक्षेची कसोटी न लावलेली जी विंग तेव्हा स्पर्धेत चालत, त्यांना आंतरराष्ट्रीय संघटनेनं मनाई केली आणि पुढे स्पर्धेच्या विंगसाठी प्रमाणित कसोट्या ठरवल्या. उशीर झाला होता, किंमत मोठी मोजली गेली होती. पण शेपूट जोडली गेली.

खरं तर पॅराग्लायडरला शेपूट नसतेच. पायलट पंखाच्या खूप खाली लोंबत असतो, त्यामुळे लंबकासारखा तोल आपोआप सावरतो. मात्र जमिनीजवळ येताच दोन्ही ब्रेक खाली ओढायचे असतात. पंखाची मागची कड वाकते, वेग मोडतो आणि पाय अलगद टेकतात. पक्षी शेपूट पसरून जे करतो, तेच काम. कामशेतला नव्या मुलांना उडण्याच्याही आधी सपाट मैदानावर हेच शिकवतात.

अदबा हरली तेव्हा

आपल्या परंपरेत हरण्याविषयी काहीच नाही, असं मात्र नाही. आपणच ते कमी सांगतो.

बुखारीत हजरत अनस यांनी सांगितलेला प्रसंग आहे. पैगंबर साहेबांची (स.) अदबा नावाची सांडणी होती. शर्यतीत तिला कुणी मागे टाकत नसे. एकदा एक बदू अरब आपला तरुण उंट घेऊन आला आणि अदबाला हरवून गेला. सहाबांना फार लागलं. पैगंबरांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखलं आणि समजावलं, की दुनियेत वर चढलेली गोष्ट कधी ना कधी खाली आणणं हा अल्लाहचा नेमच आहे. त्यांनी बदूला दोष दिला नाही, शर्यत पुन्हा घ्यायला सांगितलं नाही, पंचाला दोष दिला नाही.

मदिन्यातल्या घोड्यांच्या शर्यतींची हकीकतही बुखारीत आहे. तयारीच्या घोड्यांसाठी हफियापासून सनियतुल-वदापर्यंतचं लांब अंतर, आणि तयारी नसलेल्या घोड्यांसाठी सनियतुल-वदापासून बनी झुरैकच्या मशिदीपर्यंतचं छोटं. म्हणजे ज्याची जशी तयारी तशी त्याची शर्यत. तरुण अब्दुल्लाह इब्न उमर त्यात धावले होते.

सब्र हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. नापास झाला, सब्र कर. नोकरी गेली, सब्र कर. जणू सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणं. अरबीत त्याच्या मुळाशी रोखून धरण्याचा, टिकून राहण्याचा अर्थ आहे. थर्मलमध्ये घिरट्या घालणारा पायलट जे करतो ते सब्र. उंची मिळेपर्यंत थांबायचं आणि मिळाली की निघायचं. पहिल्या दिवशी माझ्या विद्यार्थ्यात थांबण्याचा भाग कमी पडला, दुसऱ्या दिवशी निघण्याचा. हे मी त्याला सांगायला गेलो नाही. त्यानंच ते आपल्या शब्दांत सांगितलं, कारण तोवर त्यानं चारही दिवसांच्या नोंदी मोबाइलवर उघडून पाहिल्या होत्या. जिंकणारा कुठे थांबला, मी कुठे निघालो, कुठे तो डावीकडे वळला आणि मी सरळ गेलो. इब्न फिरनासच्या उड्डाणाचा माग आपल्याकडे फक्त एका टोमण्यात आहे. याच्याकडे सेकंदासेकंदाचा होता. सुरुवातीला तो उघडायची त्याची हिंमत नव्हती एवढंच.

अर्ध्या गोष्टीची परतफेड

जानेवारीत तो गावी आला तेव्हा मी त्याला शाळेत बोलावलं. सातवीचाच वर्ग. तो विंग घेऊन आला. मैदानावर पसरलं तेव्हा मुलं धावत सुटली, शिपाईमामाही पाहत उभे राहिले. वर्गात मी इब्न फिरनासची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी पाठीच्या दुखण्यासकट, मोमिनच्या टोमण्यासकट, साडेसातशे वर्षांच्या अंतरासकट. मला वाटलं होतं मुलांचा हिरमोड होईल. एका मुलीनं विचारलं, “सर, मग त्याने नंतर शेपूट बनवली का?”

दुसऱ्यांदा तो उडाल्याची नोंद मिळत नाही, असं मी तिला सांगितलं. त्यानंतर तो बारा-एक वर्षं जगला. ती म्हणाली, “पाठ दुखत असेल ना.” वर्ग हसला. पण तिचा प्रश्न बरोबर होता, आणि माझ्या आधीच्या वीस तुकड्यांतल्या कुणाला तो विचारताच आला नव्हता, कारण मी त्यांना शेपटीचं सांगितलंच नव्हतं.

मग तो उभा राहिला. मी ओळख करून देताना “बीरच्या स्पर्धेत भाग घेतलेले” एवढंच म्हटलं होतं. त्यानं आपणहून फळ्यावर खडूनं चार दिवसांचे चार मार्ग काढले. कुठे चढला, कुठे सावली आली, कुठे उतरला. शेवटी आपला क्रमांक लिहिला आणि मुलांकडे वळून म्हणाला, “खालून सातवा. पुढच्या वर्षी बघू, इन्शाअल्लाह.”

त्याचे अब्बा शाळेच्या फाटकाशी मोटारसायकल लावून थांबले होते. जाताना विंगची पिशवी त्यांनीच उचलून गाडीला बांधली. दोर नीट आवळलाय का, हे दोनदा ओढून पाहिलं.